सिरा-प्रधान मिश्र वाइन पाच वर्षांपुढे ठेवण्यात अर्थ नाही

ओकपिंप (धागाकर्ता):

लेबलवर सिरा या लाल वाइनच्या द्राक्षाचे नाव पहिले दिसले की ती बाटली दहा-पंधरा वर्षे आडवी ठेवायची, असा एक समज वाइनच्या गप्पांमध्ये घट्ट बसला आहे. त्याचे मूळ फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर भागातल्या एर्मिताज आणि कोत-रोती या वाइनमध्ये आहे, जिथे लाल द्राक्षांपैकी फक्त सिरालाच परवानगी असते. मिश्रणाला हाच न्याय लावणे मला चुकीचे वाटते.

माझ्याकडे एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या सहा बाटल्या होत्या: सिरा ६० टक्के, ग्रनाश ३० टक्के आणि उरलेली मूर्वेद्र (तिन्ही लाल द्राक्षांच्या जाती). पहिली तिसऱ्या वर्षी उघडली, तेव्हा पेल्याच्या काठापर्यंत रंग गर्द जांभळा होता, नाकाला ब्लॅकबेरी, व्हायोलेटची फुले आणि नुकतीच कुटलेली काळी मिरी जाणवत होती, आणि टॅनिनने, म्हणजे द्राक्षांच्या सालीतून येणाऱ्या तुरट द्रव्यांनी, हिरड्या आवळल्या जात होत्या. सहाव्या वर्षी उघडलेली दुसरी बाटली अगदीच अबोल निघाली. तिसरी गेल्या महिन्यात, म्हणजे नवव्या वर्षी उघडली. पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरला तर काठ विटकरी दिसत होता आणि ओतताना बाटलीच्या खांद्यापाशी गाळ अडकला होता. टॅनिन मऊ झाले होते हे मान्य, परंतु फळ निघून गेले होते आणि त्याच्या जागी मनुका व ओलसर पानांचा वास उरला होता. गंमत म्हणजे मिरी होती तिथेच होती. फक्त शेजारी बसलेल्या मित्राला ती पहिल्या बाटलीतही जाणवली नव्हती.

माझ्या मते दोष ग्रनाशचा आहे. त्याच्यात रंगद्रव्ये आणि टॅनिन कमी असतात आणि त्याचे ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने होणारा बिघाड, लवकर होते. मिश्रणाचे आयुष्य त्यातल्या सर्वांत अल्पायुषी द्राक्षावर ठरते, आणि म्हणून अशी वाइन पाच वर्षांच्या आत संपवावी.

तळघर:

निरीक्षण उत्तम आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही. बाटलीत सिरा एका कोपऱ्यात आणि ग्रनाश दुसऱ्या कोपऱ्यात बसून आपापले म्हातारपण भोगत नसतात. द्राक्षांच्या सालीतून आलेली रंगद्रव्ये आणि टॅनिन यांची एकमेकांशी सांगड बसते, त्यातून मोठे रेणू तयार होतात, काही गाळ होऊन तळाशी जातात आणि तुरटपणा कमी होतो. या प्रक्रियेत सिरा व मूर्वेद्रचे टॅनिन आत शिरलेला ऑक्सिजन स्वतःवर घेतात, म्हणजे ग्रनाशला त्यांचे एक प्रकारे संरक्षणच मिळते. ग्रनाशबरोबर ही दोन द्राक्षे मिसळण्याची पद्धत दक्षिण ऱ्होनमध्ये रुजली, त्याचे एक कारण हेही आहे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या पेनफोल्ड्स या उत्पादकाच्या ग्रेंज वाइनचे. तिथे सिरालाच शिराझ म्हणतात. तिच्यात बहुतेक वर्षी थोडी कॅबर्ने सोव्हिन्यों (आणखी एक लाल द्राक्ष) मिसळून ही वाइन होते. पेनफोल्ड्सचे वाइन बनवणारे मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ मध्ये ती प्रयोग म्हणून सुरू केली. कोवळ्या वयात चाखणाऱ्यांना ती इतकी नापसंत पडली की १९५७ मध्ये व्यवस्थापनाने उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला. शुबर्ट यांनी ती लपूनछपून चालू ठेवली, आणि पुढे सुरुवातीच्या वर्षांच्या बाटल्या मुरून पुन्हा चाखल्या गेल्या तेव्हा १९६० मध्ये तो आदेश मागे घ्यावा लागला. पाच वर्षांचा नियम तेव्हा पाळला असता तर ही वाइन इतिहासात राहिलीच नसती.

ओकपिंप:

ग्रेंजमध्ये ग्रनाश नाही, कॅबर्ने आहे, आणि कॅबर्ने दीर्घायुषी आहे हे कोणीच नाकारत नाही. आपले उदाहरण माझ्याच बाजूने जाते.

तळघर:

मग दक्षिण ऱ्होनमधल्या शातोनफ-द्यु-पापचे उदाहरण घ्या. तिथल्या बहुतेक लाल वाइनमध्ये ग्रनाशचाच वाटा मोठा असतो आणि चांगल्या वर्षीच्या बाटल्या वीस वर्षे सहज टिकतात. द्राक्षाच्या जातीपेक्षा वेलीवर पीक किती ठेवले, साले रसात किती दिवस राहिली आणि आम्लता किती होती, यांवर आयुष्य अधिक ठरते.

मिरपूड:

मित्राला मिरी जाणवली नाही, हा तपशील धागाकर्त्यांनी जाता जाता सांगितला. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सिरातली मिरी रोटुंडोन नावाच्या संयुगामुळे येते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते ओळखले. रेड वाइनमध्ये लिटरमागे अवघे १६ नॅनोग्रॅम असले तरी ते जाणवू शकते. पण त्याच अभ्यासात चाखणाऱ्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला कितीतरी जास्त प्रमाणातही त्याचा वास आला नाही. म्हणजे एकाच बाटलीतून दोघे वेगळी वाइन पीत होते. ज्याला मिरी जाणवते त्याला फळ गेल्यावरही काहीतरी हाती लागते, ज्याला जाणवत नाही त्याच्यासाठी तीच वाइन रिकामी होते. अशा स्थितीत सर्वांसाठी एकच वर्ष ठरवणे मला धाडसाचे वाटते, मग ते पाचवे असो की पंधरावे.

काठविटकरी:

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, कारण मुरवण्याचे कौतुक करताना आपण काय गमावतो ते कोणी मोजत नाही. व्हायोलेट आणि ताजे फळ हेच ज्यांना आवडते, त्यांना चामडे आणि सुकी पाने यांची वाट पाहायला का लावावे? शंका असेल त्यांनी अर्धी बाटली पिऊन उरलेली बूच लावून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी चाखावी. फळ कायम असेल तर ठेवा, सपाट झाली असेल तर उरलेल्या बाटल्या लवकर संपवा.

तळघर:

या चाचणीतून वाइन हवेला किती तोंड देते एवढेच कळते. बुचामागे वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने मिळणारा ऑक्सिजन आणि एका रात्रीत अर्ध्या रिकाम्या बाटलीत भरलेली हवा यांत फार अंतर आहे. शिवाय नैसर्गिक बुचे सारखी नसतात, त्यामुळे एका पेटीतल्या दोन बाटल्याही वेगवेगळ्या वेगाने म्हाताऱ्या होतात. धागाकर्त्यांना विचारतो: या नऊ वर्षांत बाटल्या कुठे होत्या?

ओकपिंप:

प्रामाणिकपणे सांगतो. पहिली चार वर्षे १३-१४ अंशांच्या थंड जागेत होत्या. घर बदलल्यावर त्या कपड्यांच्या कपाटात गेल्या, आणि तिथे तापमान २५ अंशांच्या खाली क्वचितच गेले असेल.

तळघर:

मग आपण ग्रनाशवर नव्हे, कपाटावर निकाल दिला आहे. उष्णतेत याच सगळ्या प्रक्रिया कितीतरी वेगाने होतात, आणि फळाचे गंध आधी जातात. नवव्या वर्षी आपण चाखली ती वाइन वयाने बरीच पुढे गेलेली होती.

ओकपिंप:

ग्रनाशबद्दलचे विधान मागे घेतो, सल्ला मात्र नाही. बाटल्या विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तळघर नसते, कपाटच असते, आणि मी त्यांच्यासाठीच लिहीत आहे. उरलेल्या तीन बाटल्या मी याच वर्षी उघडणार आहे.

तळघर:

तसे असेल तर धाग्याच्या शीर्षकात 'कपाटात' हा एक शब्द घालावा. मी लगेच सहमती नोंदवतो.