अनुभव धागा: बायबलमधल्या गोष्टी एकट्याने खोलात वाचताना

ठाणे-नवी मुंबईकरांनो, रविवारचं प्रवचन सगळेच ऐकतो. घरी एकट्याने एखादी गोष्ट उकलायला बसता तेव्हा नेमकं काय करता, ते लिहा. अट एकच: पद्धत कुठल्या गोष्टीवर वापरली ते सांगायचं. 'प्रार्थनापूर्वक वाचावे' एवढंच लिहिणाऱ्यांना आधीच हात जोडतो.

चरई, ठाणे
पुस्तक न उघडता गोष्ट आठवेल तशी वहीत लिहून काढायची आणि मग मूळ वाचायचं. आपण पदरचं घातलेलं असेल तिथे लाल खूण. नाताळची गोष्ट घ्या. गोठ्यात आपण तीन राजे उभे करतो. मत्तयच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) दुसऱ्या अध्यायात ना तीन हा आकडा आहे, ना राजे. पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे ज्योतिषी, आहेत, आणि वस्तू तीन आहेत: सोनं, ऊद, गंधरस. शिवाय ते येतात ते 'घरात'. गव्हाण आणि मेंढपाळ लूकचे. एदेन बागेतलं सफरचंदही असंच, मूळात नुसतं फळ. माझं पान लालेलाल झालं होतं!

सानपाडा
येशूने पाच हजारांना जेवण दिल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे: मत्तय, मार्क, लूक, योहान. कागद आडवा धरायचा, चार रकाने पाडायचे आणि प्रत्येकात फक्त त्या लेखकाने सांगितलेलं लिहायचं. मत्तय बायका-मुलं वेगळी धरतो. लूक बेथसैदा गावाचं नाव देतो. भाकरी जवाच्या होत्या आणि त्या एका मुलाकडे होत्या, हे योहानच सांगतो. जव म्हणजे गरिबाघरचं धान्य. आता गंमत बघा. मार्क म्हणतो, लोकांना हिरव्या गवतावर पंगतीने बसवलं, शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नास. योहान म्हणतो, वल्हांडण हा यहुद्यांचा सण जवळ आला होता. वल्हांडण वसंतात येतो, आणि तिकडचं गवत हिरवं असतं तेही त्याच सुमारास. उन्हाळ्यात सगळं करपतं. एकाने ऋतू सांगितला, दुसऱ्याने गवत. एकच शुभवर्तमान वाचून हे हाती लागलं नसतं. मात्र चारही सरमिसळ करून एकच 'पूर्ण' गोष्ट बनवू नका. प्रत्येकाने काय गाळलं, तेही बघण्यासारखं असतं.

घणसोली
लोकलमध्ये योना. चारच अध्याय, ठाण्याला बसलं की ऐरोलीच्या आत संपतात. दुसऱ्या फेरीत फोनवर नकाशा. देव योनाला जायला सांगतो ते निनवे पूर्वेला, आजच्या मोसूलजवळ. योना याफोच्या बंदरातून तार्शीशला निघतो, म्हणजे पश्चिमेला. बाकी भाष्याची गरज नाही.

कोपरखैरणे
माझी सवय दोन प्रश्नांची: 'कायदा काय होता?' आणि 'किती?' रूथ ही परदेशातून सासूबरोबर आलेली विधवा बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात सरवा वेचते. आधी मला ते बवाजाचं औदार्य वाटायचं. मग समासातला संदर्भ धरून लेवीय या नियमांच्या पुस्तकाचा 19 वा अध्याय काढला. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. म्हणजे वेचणं हा रूथचा हक्कच होता. बवाजाचं औदार्य पुढे आहे: पेंढ्यांतली कणसं मुद्दाम तिच्यासाठी टाका, तिला धमकावू नका, असं तो गड्यांना बजावतो.
आता 'किती'. संध्याकाळी झोडपून तिच्याकडे एफाभर जव निघतात. एक एफा साधारण 22 लिटर. आमचा धान्याचा मोठा स्टीलचा डबा 20 लिटरचा, तोही भरून वर उरलं असतं! वजनाने 13-14 किलो तरी. एवढं उचलून ती सासूकडे, नामीकडे गेली. नामी लगेच विचारते, 'आज कुठे वेचलंस?' तो प्रश्न का, ते डबा बघितल्यावर कळलं.

नौपाडा, ठाणे
मी ख्रिस्ती नाही. फादर स्टीफन्सचं 1616 चं ख्रिस्तपुराण ओव्यांत आहे म्हणून वाचायला घेतलं, तिथून बायबलकडे आलो. घरात कीर्तनाची परंपरा, त्यामुळे समोर श्रोता कोण बसलाय हे आधी बघतो. उधळ्या पुत्राचा दृष्टांत लूक 15 मध्ये अकराव्या वचनापासून आहे, पण मी पहिल्यापासून वाचतो. जकातदार आणि पापी येशूभोवती जमलेत, परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे, कुरकुरताहेत. मग हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि शेवटी हा मुलगा. धाकटा सगळं उधळून परतला तरी बापाने मेजवानी दिली, म्हणून दाराबाहेर रुसून उभा असलेला थोरला भाऊ म्हणजे समोरचा कुरकुरणारा श्रोताच! तो आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही.

वाशी
सगळे भाष्यग्रंथांना नावं ठेवणार दिसताय. एफा म्हणजे 22 लिटर हे मूळ वचनात नाही, कुणीतरी शोधून लिहिलं म्हणून कळलं. आधी स्वतः वाचा, हे मान्य. पण ग्रंथ बंद ठेवणं ही काही साधना नव्हे.

नेरूळ
संडे स्कूलला शिकवते. वरच्या पद्धती मोठ्या मुलांवर चालतील, रकान्यांची तर नक्कीच. माझी अडचण शास्ते या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायाची आहे, इफ्ताह आणि त्याची मुलगी. लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा होम करीन, असा नवस तो बोलतो, आणि सामोरी येते ती मुलगीच. तिचं नाव दिलेलं नाही, देव काही बोलत नाही, नवसाबद्दल लेखकही बरं-वाईट म्हणत नाही. लगेच शिकवण काढायची सवय असलेल्यांचं इथे काही चालत नाही. इथे कुणी काय करून पाहिलंय? या रविवारी हीच गोष्ट आहे, त्याआधी लिहिलंत तर बरं.