सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) चालू असताना नातेवाइकांशी कोण बोलतं? (कॅज्युअल्टीतल्या सिस्टर-ब्रदरांनी सांगावं)

तालुक्याच्या गावी कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स आहे. रात्रपाळीला आम्ही दोघी, एक डॉक्टर आणि वॉर्डातले मामा. सीपीआर कसा द्यायचा हे विचारत नाहीये. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, सगळं पाठ आहे. एक जण छातीवर, दुसरीकडे अँबू बॅग (श्वास द्यायची पिशवी), इंजेक्शनसाठी शीर मिळवणं, ३ ते ५ मिनिटांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, वर वेळा लिहिणं. बदलीला मामा येतात. (शिकवलंय त्यांना. उंच आहेत, मला अजून स्टूल लागतं.)

माझी अडचण पडद्यापलीकडची आहे. म्हाताऱ्या पेशंटच्या फासळ्या मोडतात, ते हाताला कळतं. तरी हात हलका करून चालत नाही. दारातल्या मुलाला मात्र दिसतं ते एवढंच, की सिस्टरने वडिलांची छाती मोडली. मधेच पेशंट आचके देतो (तो खरा श्वास नसतो), की "श्वास चालू आहे!" दाबामुळे मॉनिटरची रेघ हलते, की "ठोके आले!" मग हृदयाचा ऱ्हिदम बघायला हात काढले आणि रेघ सरळ झाली, की आम्ही थांबलो म्हणून माणूस गेला.

डॉक्टर म्हणतात सगळ्यांना बाहेर काढा. बाहेर काढलं की दार बडवतात.

तुमच्याकडे एखाद्याला आत थांबू देतात का? 'सिरियस आहे' म्हणता, की सरळ सांगता? कायद्याचे सल्ले नकोत, तो विषय वेगळा.

प्रतिसाद: पुण्यात आयसीयूला होते, आता इंग्लंडमध्ये आहे. इथे जवळच्या माणसाला थांबायचं असेल तर थांबू देतात, पण त्याच्यापाशी एक स्टाफ फक्त त्याच्यासाठी. दोघींत ते जमणार नाही, मान्य. पण 'सिरियस' हा शब्द सोडाच, त्यातून काहीच कळत नाही. "हृदय बंद पडलंय, आम्ही हाताने रक्त फिरवतोय, फासळी मोडू शकते," हे सुरुवातीलाच सांगायचं. आणि मॉनिटर त्यांच्याकडे पाठ करून ठेवा.

धागाकर्ती: मॉनिटर फिरवायचं सुचलंच नव्हतं, आजच करते. पण ही वाक्यं बोलणार कोण? डॉक्टर श्वासाची ट्यूब टाकत असतात.

प्रतिसाद: १०८ च्या अ‍ॅम्ब्युलन्सने पेशंट आला तर त्यांच्या डॉक्टरांना जरा थांबवून घ्या. एक तर ते छाती दाबायला घेतील, नाहीतर नातेवाइकांशी बोलतील. वाटेत काय झालं हे त्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे घरच्यांना पटतंही.

धागाकर्ती: १०८ वाल्यांशी बोलून बघते. आमच्याकडे बरेच जण जीपमधून येतात हो, मागच्या सीटवर आडवे घालून. त्यांचं काय करायचं, कुणी सांगेल का?