मदत हवी आहे: ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी आहे, इंटरनेट नाही. दाद कुणाकडे मागायची?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच विचारतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण काम माझ्या एकट्याचं नाही, गावाचं आहे.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा तालुक्यात. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कपाटाच्या मागे भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबर केबलने (काचेच्या बारीक तारांतून प्रकाशाने) इंटरनेट देणाऱ्या केंद्राच्या योजनेची, लोखंडी पेटी बसवून कित्येक वर्षं झाली. गेल्या आठवड्यात ग्रामसेवकांना विचारून मी ती उघडली. आत मोडेमसारखा डबा आहे, त्याला ओएनटी म्हणतात. शेजारी बॅटरी, ती फुगलेली. पॉवरचा हिरवा दिवा लागतो, पण 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकतोय. त्याचा अर्थ केबलमधून प्रकाशच डब्यापर्यंत येत नाही. म्हणजे डबा चांगला असेलही, तार मध्येच तुटलेली आहे.

ती कुठे तुटली हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्त्याच्या कडेने जेसीबीने चर मारला, तेव्हा काळी नळी वर आली होती. शाळेच्या कुंपणाजवळ ती अजून मातीतून डोकावते, तोंडातून रंगीत दोऱ्यांसारख्या बारीक तारा लोंबतात. एकाने तिचा हातभर तुकडा कापून घरच्या नळाला लावलाय. मी त्याला दोष देणार नाही. ती कशाची नळी आहे हे गावाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता अडतं कुठे ते सांगतो. मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढलं तरच धड मिळते. 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीला माझी चुलती सलग तीन दिवस त्या जिन्यावर जाऊन बसली. ओटीपी यायचा, पण मुदत संपल्यावर. शेवटी रोजगार बुडवून मंगळवेढ्याला गेली, तिथे पाच मिनिटांत काम झालं. ई-पीक पाहणीचं तेच. ज्वारीत उभं राहून फोटो काढायचा आणि तो वर चढवायला टाकीकडे यायचं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रात्री तिथेच मोबाइल धरून बसतात. थंडीतसुद्धा.

योजना माझ्या वाचनानुसार अशी आहे. २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाली, २०१५ मध्ये भारतनेट नाव पडलं. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत १ लाख ग्रामपंचायती जोडल्याचं जाहीर झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात ग्रामपंचायती वर्तुळात जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने इंटरनेट चालू राहील. शिवाय १० वर्षांची देखभालही त्यातच धरली आहे. हे वाचून बरं वाटलं, म्हणूनच गप्प बसवत नाही.

तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो तर दुसरीकडे पाठवलं, तिथून सोलापूरला. सोलापुरात जिथे गेलो तिथे सांगितलं, "तुमचं गाव जोडलेलं आहे." कागदावर जोडलेलं आहे, हीच तर अडचण आहे! बंद असल्याची नोंदच नसेल तर दुरुस्तीला माणूस येणार कुठून?

तर मला हवंय ते एवढंच. हे काम नेमकं कुणाचं, आणि तक्रार कशी लिहिली म्हणजे ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ढकलता येणार नाही? तुमच्या कुणाच्या गावात बंद पडलेली पेटी पुन्हा चालू झाली असेल तर काय केलंत तेही सांगा.

*

प्रतिसाद १ (बार्शी)

दादा, काम कुणाचं हे तुम्ही शोधत बसू नका, ते त्यांनाच शोधायला लावा. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपये शुल्क, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत साधारण ३० दिवस.

महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्याने 'महानेट' म्हणून महाआयटी या आपल्याच माहिती-तंत्रज्ञान कंपनीकडे दिलं होतं, पहिला टप्पा केंद्राच्या यंत्रणेकडे होता. म्हणून पहिला प्रश्न हाच ठेवा की आमची ग्रामपंचायत कोणत्या टप्प्यात जोडली. पुढे जोडल्याची तारीख, आज चालू की बंद, आणि देखभाल कुणाकडे. राज्याच्या नियमात अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा लागतो, त्यात चुलतीची हकीकत घालू नका. ती ग्रामसभेत सांगा आणि ठराव करून घ्या. ठरावाची प्रत जोडली की तक्रार एकट्याची राहत नाही.

प्रतिसाद २ (अक्कलकोट)

वरच्यांशी सहमत. एक भर घालतो. खोदकामाआधी केबलवाल्यांना कळवायला केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलंय. गावात पुन्हा चर मारायला कुणी आलं तर त्यावर कळवलंय का ते आधी विचारा. नाहीतर जोडलेली तार पुन्हा तुटेल. आमच्याकडे तेच झालं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. कलम ६(३) मला ठाऊकच नव्हतं, दोन महिने उगाच हेलपाटे घातले. उद्या सकाळी शाळेजवळच्या तुटलेल्या टोकाचे आणि पेटीतल्या लाल दिव्याचे फोटो काढतो. सरपंचताईंशी ग्रामसभेच्या ठरावाचं बोललोय, त्या तयार आहेत. अर्ज १५० शब्दांत बसवून रात्री इथेच टाकतो. पाठवण्याआधी कुणीतरी नजर घाला.