मदत हवी आहे: अटिपिकल लिम्फोसाइट (संसर्गामुळे रूप बदललेली पांढरी पेशी) की ब्लास्ट (ल्युकेमियात दिसणारी अपरिपक्व पेशी)?

वय १९, ताप, टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या मागच्या बाजूला गाठी. आजाराचा ५वा दिवस. हिमोग्लोबिन १३.४, डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) १४,२००, प्लेटलेट १.३ लाख. लीशमन स्मिअरवर (काचेवर पसरून रंगवलेल्या रक्तात) अटिपिकल धरून लिम्फोसाइट ६२ टक्के; नुसते अटिपिकल एकूण पांढऱ्या पेशींच्या १८ टक्के. मोनोस्पॉट (मोनोची झटपट रक्तचाचणी) निगेटिव्ह.

बहुतेक पेशी ओळखीच्या आहेत: मोठ्या, भरपूर सायटोप्लाझम, कडा गडद निळी आणि शेजारच्या लाल पेशींना बिलगलेली. लिम्फोसाइट ५० टक्क्यांवर आणि अटिपिकल १० टक्क्यांवर, म्हणजे मोनोचा (इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस, ईबीव्ही विषाणूचा आजार) निकष बसतो. पहिल्या आठवड्यात मोनोस्पॉट बऱ्याचदा चुकतो, म्हणून त्या निगेटिव्हचं फार वाटत नाही. अडचण वेगळी आहे. शंभरात ३-४ पेशींचं क्रोमॅटिन मोकळं आहे, न्यूक्लिओलस ठळक दिसतो. हा डाउनीचा तिसरा प्रकार (ब्लास्टसारखा दिसणारा अटिपिकल लिम्फोसाइट) म्हणावा की ब्लास्ट? पेशी एकसारख्या नाहीत, अॅनिमियाही नाही, त्यामुळे माझा कल रिअॅक्टिव्हकडे आहे. पण प्लेटलेट कमी असल्यामुळे धीर होत नाही.

ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) रक्त तासन्‌तास राहिलं की केंद्रकाचा आकार बिघडतो, म्हणून बोटातून थेट नवीन स्मिअर केला. चित्र तेच. डेंग्यूतही अशा पेशी दिसतात, पण त्याची एनएस१ चाचणी निगेटिव्ह आहे.

रिपोर्टमध्ये या पेशी वेगळ्या लिहाव्यात का? ईबीव्ही व्हीसीए आयजीएम (ताज्या ईबीव्ही संसर्गाची अँटिबॉडी चाचणी) आत्ताच पाठवावं, की आठवड्याने मोनोस्पॉट आणि स्मिअर पुन्हा करावा? फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणांवरून त्यांचा प्रकार ओळखणारी तपासणी) कोणत्या टप्प्यावर सुचवता?