ठासणीच्या बंदुकीची जुनी नळी: मूळ कुठले आणि काळ कोणता?

माळ्यावरचा ठेवा

नमस्कार. साताऱ्याजवळच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर ठासणीच्या बंदुकीची नुसती नळी सापडली आहे. दस्ता आणि चाप दोन्ही नाहीत. नळी लोखंडी व पूर्ण गोल असून लांबी सुमारे ९९ सेंमी आणि तोंडाचा आतला व्यास १९ मिमीच्या आसपास आहे. तोंडाजवळ वरच्या अंगाला एक चौकोनी उंचवटा आहे, तर खालच्या अंगाला भोके असलेल्या छोट्या कड्या आहेत. बुडाशी, गंजाखाली, तीन ठसे दिसतात. दोन ठशांत मुकुटाखाली अक्षरे आहेत. तिसरा बदामाच्या आकाराचा, चार भागांत विभागलेला असून त्याच्या डोक्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण आहे. आमचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेत होते आणि खडकीच्या लढाईनंतर ही बंदूक घरी आली, असे घरात सांगतात. नळीवरून याची शहानिशा होऊ शकेल का?

जुनी हत्यारे

आपण मापे आणि ठसे दोन्ही दिल्यामुळे बराच उलगडा होतो. ९९ सेंमी म्हणजे ३९ इंच आणि १९ मिमी म्हणजे पाऊण इंच. ही मापे ईस्ट इंडिया कंपनीच्या पायदळाच्या चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीची आहेत. हाच नमुना १७९०च्या दशकात ब्रिटिश सरकारनेही आपल्या फौजेसाठी घेतला. तोंडाजवळच्या उंचवट्यात संगीन अडकवत आणि तोच नेम धरण्याची माशी म्हणूनही उपयोगी पडे, तर खालच्या कड्यांतून आडव्या खिळी घालून नळी दस्त्यात पक्की करत. आपल्याकडच्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या, बंदुकीची नळी बहुधा तारेने किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी दस्त्याला बांधलेली असते आणि रंजकदाणी (पेटवणीची दारू ठेवण्याची छोटी वाटी) नळीच्याच उजव्या अंगाला असते. आपल्या वर्णनात तसे काही दिसत नाही.

बदाम हा कंपनीचा शिक्का असून त्याच्या भागांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरे असतात. १८०८ साली कंपनीने त्याऐवजी मागच्या पायांवर उभ्या असलेल्या सिंहाचा ठसा स्वीकारला, म्हणून ही नळी त्या सुमारास किंवा त्याआधी घडलेली असावी. मुकुटाखाली एका ठशात गुंफलेली जी आणि पी व दुसऱ्यात व्ही वाचता आले, तर लंडनच्या बंदूककारांच्या संघाने नळीची चाचणी घेतली होती असे समजावे. कारागिराचे नाव आणि साल बहुधा चापाच्या पत्र्यावर कोरलेले असे. तो पत्रा गेल्यामुळे नेमके वर्ष सांगणे कठीण आहे. तरीही दस्त्याने झाकला जाणारा नळीचा खालचा भाग अवश्य तपासा, कारण नळी घडवणाऱ्याची आद्याक्षरे तिथे सापडू शकतात.

दप्तरशोध

वरील विवेचन पटण्याजोगे आहे. एक शक्यता मात्र तपासावी असे वाटते. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या दि बॉयन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली विलायती धर्तीच्या बंदुका तयार होत. देशी नळीवर विलायती ठशाची नक्कल असेल, तर अक्षरे उलटी, वेडीवाकडी किंवा छिन्नीने रेघ-रेघ कोरलेली दिसण्याचा संभव असतो. पोलादी छापाचा खरा ठसा एका घावात, स्वच्छ कडांनिशी उमटतो. तिरप्या उजेडात छायाचित्र काढा, फरक कळेल.

खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली, त्यामुळे १८०८पूर्वीची नळी त्या वेळी वापरात असणे सहज शक्य आहे. परंतु चांगली नळी पुन्हा पुन्हा नव्या दस्त्यावर चढवली जाई आणि हातोहात फिरे, म्हणून ती कोणाच्या हाती होती हे लोखंडावरून ठरत नाही. त्यासाठी घरातील मोडी कागदच चाळायला हवेत.

जुनी हत्यारे

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, इतकी ती महत्त्वाची आहे. अशा नळ्यांत कधीकधी शंभर वर्षांपूर्वीची दारू आणि गोळी तशीच राहिलेली असते. लाकडी काठी तोंडातून हलकेच टेकेपर्यंत सोडा, खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीच्या कडेला धरा. खूण तोंडाशी असताना काठीचे टोक कानाच्या छिद्रापर्यंत (ठिणगी आत जाण्यासाठी बुडाजवळ असलेल्या भोकापर्यंत) पोहोचत नसेल, तर आत काहीतरी अडकलेले आहे असे समजून नळीला आच, ठोकणे किंवा वेल्डिंग यांपैकी काहीही लावू नका आणि पोलिसांना कळवा. पॉलिश पेपर आणि आम्लही टाळा, नाहीतर ठसे जातील. पातळ तेल व सुती कापड पुरे.

कायद्याचेही पाहा. १९५९च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही अग्निशस्त्राच्या व्याख्येत येतात. कलम ४५ची सूट पुरातन मूल्याच्या किंवा कालबाह्य हत्यारांना आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा स्थितीत असावे लागते. पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन पोच घेणे श्रेयस्कर. तसेच शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती आपल्याला परदेशी पाठवता येणार नाही.