शेअर बटणांच्या प्लगिनने साइटवर खरंच वाचक वाढतात का? माझं मत: नाही

केळापूरचा कास्तकार (धागाकर्ता)

मी आणि माझा चुलतभाऊ आमच्या भागातल्या कापूस, तूर, सोयाबीनवाल्यांसाठी एक छोटी मराठी साइट चालवतो. बाजार समितीतले भाव, बोंडअळीसाठी कामगंध सापळे कधी लावायचे, फरदड का घेऊ नये, पीक विम्याची मुदत, असा मजकूर असतो. साइट करून देणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक शेअर प्लगिन (साइटला जोडायचा तयार कोड) टाकून दिलं. फेसबुक, ट्विटर, पिंटरेस्ट, लिंक्डइन, टेलिग्राम, व्हॉट्सॲप अशी रांग आणि बाजूला आकडा. यानं ट्रॅफिक, म्हणजे साइटवर येणारे लोक, वाढते, असं त्याचं म्हणणं. चुलतभावाचंही तेच. मला ते पटत नाही आणि हे प्लगिन काढलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

बटण दाबतो कोण? ज्याने पाठवायचं आधीच ठरवलं आहे तो. ब्रिटन सरकारच्या गव्ह डॉट यूके या साइटवर अशी बटणं लावली होती आणि पहिल्या दहा आठवड्यांचे आकडे त्यांनीच 2014 मध्ये जाहीर केले. जेवढी पानं पाहिली गेली त्याच्या 0.21 टक्के वेळा बटण वापरलं गेलं. म्हणजे साधारण 500 पानांमागे एकदा. त्यातल्या किती जणांनी बटण नसतं तरी पाठवलंच असतं, आणि पाठवलेल्या लिंकवर पुढे किती जण आले, हे वेगळंच.

दुसरं, आमच्या गावात पिंटरेस्टवर कोण आहे? सहा चिन्हांपैकी पाच कोणी बघतही नाही, पण सहाही चिन्हांचा भार प्रत्येक वाचकाच्या फोनवर पडतो. आणि तो आकडा! चांगल्या लेखाखाली "0 शेअर" दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, यात काही दम नसावा.

दुकानाला दार मोठं केलं म्हणून गिऱ्हाईक येत नाही, माल लागतो. आमचा वेळ आणि पैसा मजकुरावर जावा.

मोर्शी_संत्रा

दादा, मले नाई पटत. तुमचा 0.21 टक्के खरा असन, पण थ्या साइटवर लोक पासपोर्ट अन् टॅक्स पाहाले जातात. पासपोर्टचा फॉर्म कोणी भावाले पाठवते काय? आमच्याकडे आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली का सारे एकमेकायले इचारत राह्यतात, काय फवारू, किती फवारू. वाचलं का पुढे पाठवाचंच असते. त्या साइटचा आकडा इथं लावून चालत नाई.

अन् दुसरी गोष्ट. आमच्या बाबुजीले लिंक कॉपी कराची कशी हे येत नाई. वरच्या पट्टीवर बोट दाबून ठेवा, मंग कॉपी, मंग व्हॉट्सॲप उघडा, मंग पेस्ट. एवढं कोण करते साठीतला माणूस? हिरवं चिन्ह दिसलं का दाबते, काकाचं नाव शोधते, पाठवते. तुम्ही बटण काढान, तर असे सारे लोक तुमच्या हातचे जातीन. पोट्ट्यायले काही फरक पडत नाई, पण शेती अजून म्हाताऱ्यायच्याच हातात हाये.

धानपट्टा

मी लाखांदूरकडचा. धागाकर्त्याच्या बाजूने बोलतो. रोवणीच्या दिवसांत बांधीवर उभं राहून खोडकिडीवरचं पान उघडायचं म्हटलं की नेटवर्कची एखादी दांडी असते. त्यात प्लगिनची तरंगती पट्टी खालून येते आणि औषधाचं प्रमाण नेमकं तिच्याखाली झाकलं जातं. छोट्या फोनवर ती बाजूला सारताही येत नाही. पान अर्धं वाचून माणूस परत जातो. जो वाचतच नाही तो शेअर काय करणार? बटणाने आणलेले दोन मोजता, पळवलेले चार कोण मोजतो?

हिंगणघाटची_मास्तरीण

दोन्ही बाजू वाचल्या. एक मोठी गोष्ट सुटली आहे: स्क्रीनशॉट.

मी स्वतः शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव देणारी साइट चालवते आणि गावातल्या कास्तकारांच्या ग्रुपवरही आहे. आपल्याकडे लोक लिंक पाठवतच नाहीत. पानाचा फोटो काढतात आणि फोटो पाठवतात. त्या फोटोवर तुमच्या साइटचं नाव नसतं, तारीख नसते, पुढचं-मागचं काही नसतं. 2023 मध्ये खरीप पीक विम्याची मुदत 31 जुलैवरून 3 ऑगस्ट झाली होती. अशा वेळी काय होतं बघा. लिंक गेली असेल तर साइटवाल्याने पानावर तारीख बदलली की उघडणाऱ्या प्रत्येकाला नवी तारीख दिसते. फोटो गेला असेल तर जुनीच तारीख ग्रुपमागून ग्रुप फिरत राहते आणि माणूस म्हणतो, "आता काय उपयोग, मुदत संपली."

म्हणून मला बटण हवं आहे. ट्रॅफिक हा त्यातला फायदा आहेच, पण फोटोऐवजी लिंक जावी हा खरा फायदा. फोटो काढण्यापेक्षा सोपं काही समोर ठेवलं तरच लोक फोटो सोडतील.

केळापूरचा कास्तकार

ताई, स्क्रीनशॉटचा मुद्दा मोलाचा आहे. पण लोक फोटो का काढतात तेही बघा. समोरच्याच्या फोनवर पान उघडेल याची खात्री नसते. फोटो मात्र पोहोचतोच. म्हणजे पुन्हा गोष्ट तिथेच आली, पान हलकं करा. आणि बाजारभावाच्या बाबतीत तर लोकांना एक ओळ हवी असते, पान नको असतं. त्याला बटण काय करणार?

अजून एक. आमच्या साइटच्या आकडेवारीत "सोशल" या खान्यातून, म्हणजे फेसबुक वगैरेवरून, येणारे फार थोडे आहेत. बटणं असूनही. हा पुरावा पुरेसा नाही का?

नागपुरात_कोडिंग

गाव उमरेडकडचं, काम वेबसाइटचं. शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण तो पुरावा टिकत नाही.

व्हॉट्सॲपमधून कोणी लिंक दाबली की तो वाचक कुठून आला हे ब्राउझर सहसा साइटला सांगतच नाही. म्हणून आकडेवारीत तो "डायरेक्ट" मध्ये जातो, जणू त्याने पत्ता हाताने टाइप केला. अलेक्सिस मॅड्रिगल या अमेरिकी पत्रकाराने 2012 मध्ये याला "डार्क सोशल" नाव दिलं. केळापूरवाल्या भाऊंच्या साइटवर बोंडअळीच्या एखाद्या आतल्या पानाला "डायरेक्ट" वाचक जास्त दिसत असतील, तर ते बहुतेक व्हॉट्सॲपचेच. एवढा लांब पत्ता हाताने कोणी टाइप करत नाही. त्यामुळे "सोशल" खान्यावरून बटण निरुपयोगी ठरत नाही. अर्थात उपयोगी आहे हेही त्यावरून ठरत नाही.

आता प्लगिनबद्दल. बटण आणि प्लगिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या धाग्यात त्यांची सरमिसळ झाली आहे. व्हॉट्सॲपला मजकूर पाठवायला एक साधी लिंक पुरते, तिला बाहेरची कुठलीही स्क्रिप्ट (पानासोबत चालणारा कोड) लागत नाही. शिवाय अँड्रॉइडच्या क्रोममध्ये 2017 पासून वेब शेअरची सोय आहे. एक बटण, दोन-चार ओळींचा कोड, आणि फोनचा स्वतःचा शेअर तक्ता उघडतो. साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) असली की झालं. पण अनेक तयार प्लगिन बाहेरच्या कंपनीची स्क्रिप्ट आणतात, आणि काही तर वाचकाचा मागही ठेवतात. ॲडदिस ही शेअर बटणांची सेवा ओरॅकल कंपनीने 31 मे 2023 ला बंद केली आणि तिच्यावर विसंबलेल्या साइटींची बटणं गेली. 2019 च्या मार्चमध्ये वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनाच्या सोशल वॉरफेअर प्लगिनमध्ये असं भगदाड सापडलं की बाहेरचा माणूस साइटवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. शेअरचं चिन्ह दाखवायला एवढी जोखीम कशाला?

मात्र मराठी साइटींचं खरं दुखणं तिसरंच आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही. लिंकचा पत्ता. वर्डप्रेसमध्ये लेखाला मराठी शीर्षक दिलं की पत्ताही देवनागरीत बनतो. तो कॉपी केला की देवनागरीतली प्रत्येक खूण, काना-मात्रासुद्धा, टक्क्याची चिन्हं घातलेली नऊ अक्षरं होऊन बाहेर पडते. नुसत्या "बोंडअळी"ची 63 अक्षरं होतात. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग 200 अक्षरांवर कापतं, म्हणजे मराठी शीर्षक साधारण 22 खुणांनंतर मध्येच तुटतं. आता ही टक्केवाली माळ गावच्या ग्रुपवर पडली तर कोण उघडेल? पीएम किसानच्या नावाने फसव्या एपीके (ॲप बसवणाऱ्या) फायली फिरतात, लोक आधीच घाबरलेले. विचित्र लिंक दिसली की हात लावत नाहीत, आणि बरंच करतात.

उपाय फुकट आहे. लेख छापताना पत्ता रोमन लिपीत, छोटा, हाताने लिहा. मग लिंकसोबत येणारी चौकट तपासा. तिच्यातलं चित्र, शीर्षक आणि दोन ओळी पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या ओपन ग्राफ नावाच्या खुणांवरून येतात. मराठी शीर्षक आणि ओळखीचं चित्र त्या चौकटीत दिसलं तर माणूस विश्वासाने दाबतो. चित्र फार जड असलं तर ते चौकटीत येतच नाही. तुमचा वाचक वाढायचा असेल तर तो इथे वाढेल.

अकोटकर

कोडिंगवाल्या भाऊंची माहिती चांगली आहे, पण आकड्याचा मुद्दा सोडून देऊ नका. लेखाखाली मोठा आकडा दिसला की नवीन वाचकाला भरवसा येतो. गर्दीच्या कापूस संकलन केंद्रावर लोक आपसूक गाडी वळवतात. बोंडअळीवर दहा साइटी लिहितात, त्यातली कोणती खरी हे कास्तकाराने कशावरून ओळखायचं?

नागपुरात_कोडिंग

आकडा खरा असेल तर ना, भाऊ. ट्विटरने 2015 च्या नोव्हेंबरमध्ये साइटींना शेअरचे आकडे देणं बंद केलं. व्हॉट्सॲप असा आकडा देतच नाही. म्हणजे आपल्याकडे जिथून सगळं फिरतं तिथली मोजणी त्या आकड्यात येऊच शकत नाही. काही प्लगिन तर कमीत कमी आकडा हाताने भरायची सोय देतात. अशा आकड्यावर औषध फवारायचा भरवसा ठेवू नये. लेखाखाली लिहा: ही शिफारस पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची आहे, किंवा नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेची. कास्तकार त्याने ओळखतो.

मोर्शी_संत्रा

पत्त्याची गोष्ट सोळा आणे खरी. आमच्या ग्रुपात तशी लिंक आली का कोणीतरी लिहितेच, "उघडू नका रे."

पण बटणाच्या बाजूनं अजून एक सांगतो. 2018 मध्ये व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड कराची मर्यादा लावली. 2020 मध्ये अजून कडक केलं, जे लय फिरलेलं हाये थे एका वेळी एकाच ठिकाणी जाते. अन् त्याच्यावर दोन बाणायची खूण येते. ती खूण पाहून शहाणा माणूस म्हणते, हे कुठलं तरी फिरत आलेलं हाये. पानावरून बटण दाबून पाठवलं तर तो नवाच मेसेज असते. खूण नाई. पाठवणाऱ्याचं नाव, बाकी काही नाई. पाहणाऱ्याले वाटते, काकानं सोता वाचून धाडलं. हा फायदा फॉरवर्डनं मिळत नाई.

केळापूरचा कास्तकार

मोर्शीवाले भाऊ, हा मुद्दा मला आवडला. तरी माझा विरोध कायम आहे, आणि कशाला आहे ते नेमकं सांगतो. तुम्ही सांगता ते सगळं एका साध्या हिरव्या लिंकने होतं. प्लगिनने त्यात पाच निरुपयोगी चिन्हं, एक खोटा आकडा आणि जड स्क्रिप्ट सोडून काय भर घातली? इन्स्टाग्रामचं चिन्ह तर काही साइटींवर शेअरच्या रांगेत बसवतात, आणि दाबलं की साइटवाल्याचंच खातं उघडतं. हा वाचकाचा वेळ घेणं झालं.

साध्या लिंकबद्दलही "वाढते" हा शब्द मी वापरणार नाही. माझ्या मते ती आधीच पाठवणाऱ्याची सोय करते, एवढंच. बाबुजींनी नाहीतर फोन करून काकांना सांगितलंच असतं.

हिंगणघाटची_मास्तरीण

फोनवर सांगितलं असतं, बरोबर. पण मग काकांना औषधाचं प्रमाण ऐकीव मिळालं असतं. दहा लिटर पाण्याला किती मिली, हे फोनवर एकाचं दुसरंच ऐकू येतं. लिंक गेली तर छापील प्रमाण गेलं. ते वाचून काका पुढे कोणाला पाठवतील, तो तुमचा नवा वाचक. याला वाढ म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि हे मोजता येतं. बटणाच्या लिंकला वेगळी यूटीएम खूण (वाचक कुठून आला ते सांगणारी पत्त्याची शेपटी) लावा. त्या खुणेने जे आले ते बटणाचे.

नागपुरात_कोडिंग

ताई, मोजा, पण एक सावधगिरी. बटणाच्या खुणेसह आलेला वाचक पुढे तोच पत्ता कॉपी करून, किंवा तोच मेसेज फॉरवर्ड करून पाठवतो, तेव्हा खूणही सोबत जाते. मग फॉरवर्डचे वाचकही बटणाच्या नावावर चढतात. त्यामुळे तो आकडा बटणाचा स्वतःचा वाटा म्हणून घेऊ नका. त्यापेक्षा सारख्याच विषयाच्या काही पानांवर बटण ठेवा, काहींवर नको, आणि दोन्हीकडचे एकूण वाचक बघा. एकाच हंगामातले. जुलैचा विमा आणि डिसेंबरचा कापूस एकमेकांशी ताडून चालणार नाही.

केळापूरचा कास्तकार

हे मान्य. या आठवड्यात प्लगिन काढतो, पत्ते रोमनमध्ये छोटे करतो, चौकटीतली चित्रं हलकी करतो. किडी आणि रोगांच्या निम्म्या पानांवर एक व्हॉट्सॲप लिंक ठेवतो, निम्म्यांवर नाही. बाजारभावाच्या पानावर मात्र बटण ठेवणार नाही.

मोर्शी_संत्रा

काहून नाई? भावाचंच पान त सगळ्यात जास्त फिरते.

केळापूरचा कास्तकार

म्हणूनच नाही. ते बटण नसतानाही फिरतं. शिवाय व्हॉट्सॲपवर गेलेल्या चौकटीत पाठवल्या वेळचंच लिहिलेलं राहतं. सोमवारचा भाव शुक्रवारी कोणाच्या फोनवर दिसला तर तो बंडी भरून निघेल.

हिंगणघाटची_मास्तरीण

मग चौकटीत भाव लिहूच नका. "आजचे भाव इथे पाहा" एवढंच लिहा, वर तारीख पानावर ठळक टाका आणि बटण ठेवा. नाहीतर त्याच पानाचा फोटो फिरेल, आणि त्यात तर भावही सोमवारचाच असेल.