फळं-ओट्सच्या कुकीज आणि सकाळची घाई : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

धागा काढायचं कारण सांगते. आमच्याकडे ह्यांची सातपूरला फर्स्ट शिफ्ट, कंपनीची बस सव्वासहाला येते, त्यामागे लेकीची शाळेची व्हॅन, आणि पोहे केले काय उपमा केला काय, दोघंही दोन घास उभ्याने खाऊन पळतात. पोटात काहीतरी नीट जावं म्हणून मी रविवारी दुपारी ओट्सच्या कुकीज भाजून ठेवायला लागले आणि आता त्याशिवाय आमचा आठवडा सुरूच होत नाही.

माझं साधं प्रमाण असं : काळे ठिपके पडलेली दोन केळी कुस्करायची, दीड कप रोल्ड ओट्स, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, मूठभर बेदाणे, थोडे अक्रोड, दालचिनी, चिमूटभर मीठ. मैदा, साखर, अंडं काहीच नाही. कालवलं की दहा मिनिटं तसंच ठेवायचं, ओट्स केळ्याचं पाणी पितात आणि मिश्रण हाताला चिकटेनासं होतं. ह्या कुकीज ओव्हनमध्ये पसरत नाहीत, त्यामुळे ताटात ठेवतानाच चपट्या थापायच्या, नाहीतर मध्ये ओल्या राहतात. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० डिग्रीवर साधारण १५ मिनिटं, कडा बदामी झाल्या की बाहेर. गरम असताना मऊच लागतात, गार झाल्यावर धरतात. तुम्ही काय घालता, कशात भाजता, किती टिकतात, सगळं सविस्तर लिहा.

नाशिकरोडहून पासधारक
मस्त विषय ताई. मी रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो, घरून निघताना चहासुद्धा धड होत नाही. केळ्याच्या कुकीज आमच्याकडेही करून बघितल्या, चवीला छान, पण बॅगेत त्यांचा लगदा होतो आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास यायला लागतो. प्रवासाला खजूरच बरा. बायको अर्धे ओट्स मिक्सरला भरडते, अर्धे अख्खे ठेवते, त्यात तूप, किसलेला गूळ, खजुराचे बारीक तुकडे आणि भाजलेले तीळ, गोळा वळण्यापुरतं एखाद-दोन चमचे दूध. १६० वर २० ते २५ मिनिटं, म्हणजे आच कमी आणि वेळ जास्त, त्याने आतपर्यंत वाळतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, वाफ धरली की सगळी मेहनत वाया. स्टीलच्या डब्यात आठवडाभर कुरकुरीत राहतात. कसारा घाट उतरेपर्यंत दोन खाऊन होतात आणि दादरपर्यंत भूक लागत नाही. डब्यातल्या मंडळींनी रेसिपी मागून घेतलीये.

इंदिरानगरची आजी
आमच्याकडे ओव्हन नाही आणि घ्यायचाही नाही. जाड बुडाची कढई, त्यात वाटीभर जाडं मीठ पसरायचं, वर लोखंडी रिंग, झाकण लावून दहा मिनिटं चांगलं तापू द्यायचं. मग तूप लावलेली ताटली आत ठेवायची, मंद आचेवर पंचवीस मिनिटं. वरून रंग येत नाही म्हणून पंधरा मिनिटांनी एकेक हलक्या हाताने उलटायची. पूर्वी आम्ही दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचो, नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यातून घरी आणायचो, त्या भट्टीचा खमंगपणा कढईला येत नाही हे खरं, पण नातवंडांना ताजं मिळतं.

मी ओट्समध्ये अर्धी वाटी नागलीचं (नाचणीचं) पीठ घालते. पेठ-सुरगाण्याकडची नागली आपल्या बाजारात चांगली मिळते. पीठ आधी कोरडंच भाजून घ्या, खरपूस वास सुटेपर्यंत, कच्चं घातलं तर मातकट लागतं. नागलीला चिकटपणा नाही, त्यामुळे केळं किंवा भिजवून वाटलेला खजूर पाहिजेच, नाहीतर भुगा होतो. कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणून सुनेला मुद्दाम खायला लावते.

दिंडोरीकर
बेदाण्याबद्दल थोडं लिहितो, आमची थॉमसन द्राक्षांची बाग आहे, निर्यातीतून राहिलेल्या मालाचा बेदाणा घरीच करतो. मणी डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून वापरायचं तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीवर पसरायचे, दोन आठवड्यांत वाळतात, चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा. बाजारात पिवळाधमक दिसतो त्याला बहुतेक वेळा गंधकाची धुरी दिलेली असते, म्हणून कोमट पाण्याने धुवूनच वापरा. आणि धुतल्यावर दहा मिनिटं भिजू द्या, मग फडक्यावर कोरडा करा. न भिजवलेला बेदाणा ओव्हनमध्ये वरच्यावर जळतो आणि कडू लागतो, भिजलेला टम्म फुगून आतमध्ये गोड राहतो. ताजी द्राक्षं मात्र घालू नका, सगळं पाणी सुटतं. माझ्या मते कुकीज टिकणार की नाही हे फळातल्या पाण्यावरच ठरतं, केळ्यात पाऊण हिस्सा पाणी, बेदाण्यात अगदी थोडं.

सिडकोवाली
शुगरवाल्यांसाठी लिहिते कारण हे कुणी बोलत नाही. साखर घातली नाही म्हणून वडिलांना आम्ही बिनधास्त देत होतो, मग मशीनवर तपासलं तर आकडा चढलेला. पिकलेलं केळं, खजूर, बेदाणे, गूळ, सगळ्यात साखर आहेच. आता त्यांच्यासाठी वेगळा घाणा : ओट्स, बदामाची भरड, किसलेलं सफरचंद पिळून, जवस, बेदाणे अगदी नावाला. एकच कुकी, सोबत उकडलेलं अंडं किंवा भाजलेले शेंगदाणे. ओट्समधलं विरघळणारं फायबर चांगलं असतं पण इन्स्टंट मसाला पाकीट आणू नका, साधे रोल्ड आणा. प्रत्येकाचं शरीर वेगळं, स्वतः मोजून बघा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

गंगापूर रोडची नवी आई
बाळ दहा महिन्यांचं आहे, केळं-ओट्सची मऊ कुकी हातात दिली तर चालेल का? आणि गोडीला मध?

सिडकोवाली
मध एक वर्ष होईपर्यंत अजिबात नको, भाजलेल्या पदार्थातूनही नको. अक्रोड-बेदाणे अख्खे घालू नका, घशात अडकतात. नुसतं केळं आणि बारीक दळलेले ओट्स, मीठही नको, बाळ बसलेलं असताना आणि समोर बसूनच द्या.

धागाकर्ती
किती छान लिहिताय सगळे! दिंडोरीकर दादा, पाण्याचं तुम्ही सांगितलंत ते अगदी पटलं. माझ्या केळ्याच्या कुकीज बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये पाच, त्यापुढे मी ठेवतच नाही. जास्त करायच्या असतील तर कच्चे थापलेले गोळे फ्रीझरला ताटात गोठवून मग पिशवीत भरते. रविवारी भाजायची आठवण राहिली नाही तरी सकाळी गोठलेले सहा गोळे थेट ओव्हनमध्ये, नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त. तोवर चहा आणि डबे होतात.

थंडीत सुरगाण्याची स्ट्रॉबेरी येते तेव्हा लेक हट्ट धरते. ती चिरून कढईत थोड्या गुळाबरोबर आटवायची, चमच्याला चिकटेल इतकी घट्ट, मग कुकीत अंगठ्याने खळगा करून त्यात भरायची. ह्या मात्र त्याच दिवशी संपवाव्या लागतात.

डाळिंब किंवा अंजीर घालून कुणी केल्यात का? सटाण्याच्या बाजूच्या कुणीतरी लिहा ना.